पास्त्याच्या नावांची वही

अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूम होत्या आणि दोन कुटुंबं. रस्त्याकडच्या खोलीत पप्पा, आई आणि मी, मागच्या खोलीत बस्त्याव काका आणि रोझी काकी. हॉल तसा कोणाचाच नव्हता आणि किचन सगळ्यांचं होतं. दुबईत तेव्हा असं शेअरिंगमध्ये राहणारी कितीतरी घरं होती, त्यात कोणाला काही वेगळं वाटत नसे. फ्रीजचे वरचे खण आमचे, खालचे त्यांचे, असा नियम ठरला होता आणि पहिल्याच आठवड्यात मोडला होता. काकीची सुक्या बोंबलांची चटणी आमच्या खणात आणि आईने भिजवलेले वाल त्यांच्या. खिडकीतला एसी दिवसभर घरघरत असे. मागच्या मशिदीत बांग झाली की काकी तिचा रेडिओ बंद करी, आणि बांग संपली की पुन्हा लावी. त्या रेडिओवरून मला वेळ कळायची.

पप्पा आणि बस्त्याव काका दोघंही वसईचे, एकाच गावचे. सख्खे नव्हते, पण काका पप्पांना 'पावलूदादा' म्हणायचे आणि पप्पांनीच त्यांना इकडे आणलं होतं. पप्पा बर्शाकडच्या एका हॉटेलातल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये होते. सुरुवातीला ते तिथे भांडी घासायचे. एन्झो नावाचा म्हातारा इटालियन शेफ तिथे होता. एकदा माणूस कमी होता म्हणून त्याने पप्पांना कणीक मळायला उभं केलं, आणि नंतर परत भांड्यांकडे पाठवलंच नाही. "पॉल, तुझ्या अंगठ्याला पीठ कळतं," असं तो म्हणाला होता म्हणे. हे वाक्य पप्पांनी आम्हाला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगताना स्वतःच्या अंगठ्याकडे बघायचे. काका आले तेव्हा पप्पांनी त्यांना आपल्याच टेबलाशी घेतलं आणि सगळं हात धरून शिकवलं.

शनिवारी मला शाळेला सुट्टी आणि पप्पांची ड्युटी दुपारची. त्या सकाळी ते घरी पास्ता करायचे. वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पाट, पाटावर बारीक रवा आणि कोमट पाणी. आई म्हणायची, "सत्तर दिरहमला विकतात ना हो तुमच्याकडे ही प्लेट? म्हणजे नऊशे रुपये! आणि आत काय, तर रवा आणि पाणी." पप्पा हसायचे. मळलेल्या रव्याची करंगळीएवढी जाड, लांब वळी करायची, तिचे वाटाण्याएवढे तुकडे कापायचे, आणि एकेक तुकडा बोथट सुरीने ओढून अंगठ्यावर उलटा करायचा. छोटीशी वाटी तयार व्हायची, बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. "ओरेक्किएत्ते," पप्पा म्हणायचे. "म्हणजे छोटे कान. सॉस ऐकायला कान लागतात." सॉसचं ते त्यांनी स्वतः जोडलेलं होतं, पण कानांचं खरं होतं.

पप्पा तसे अबोल. बाहेर तर फारच. इंग्रजी बोलताना त्यांची मान खाली जायची, शाळेत माझ्या टीचरसमोर ते फक्त "येस मॅडम, थँक यू मॅडम" म्हणायचे आणि मला लाज वाटायची. पण पाटाशी बसले की त्यांना वाचा फुटायची. एन्झोकडून ऐकलेली प्रत्येक नावाची गोष्ट ते आम्हाला सांगायचे. फार्फाल्ले म्हणजे फुलपाखरं, मधोमध चिमटा काढला की पंख होतात. पेन्ने म्हणजे बोरू, म्हणून टोकं तिरकी. फुझिल्ली हे नाव सूत कातायच्या चातीवरून आलं, लिंग्विने म्हणजे चिमुकल्या जिभा. आणि मालताल्याती म्हणजे वाईट कापलेले: चांगल्या पट्ट्या कापून झाल्या की उरलेले वेडेवाकडे तुकडे, ज्यांना कोणीतरी नाव दिलं म्हणून ते फेकले गेले नाहीत. दितालिनी, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपणं, हे कळल्यावर आईने मशीनच्या खणातून आपलं टोपण आणून पास्त्याशेजारी ठेवलं. तिच्या आईचं होतं ते, कडेला चेपलेलं. "अगदी तस्सं!" ती म्हणाली आणि स्वतःवरच खूश झाली.

वर्मिचेल्लीवरून मात्र घरात भांडण झालं. वर्मिचेल्ली म्हणजे बारीक किडे, असं पप्पांनी सांगितलं त्या दिवशी आई नेमकी शेवयांची खीर करत होती. तिने पळी खाली ठेवली. "आजच सांगायचं होतं?" पुढे कितीतरी महिने आमच्याकडे खीर झाली नाही. आणि एकदा चर्चमधले एक वयस्कर फादर जेवायला आले असताना पप्पांनी पिळाचा लांबट पास्ता केला. फादरनी नाव विचारलं. पप्पा लाल झाले. काकांनी टेबलाखालून पप्पांना ढोसलं, "सांग ना, सांग." शेवटी मीच सांगितलं, "स्त्रोत्साप्रेती, फादर. म्हणजे पाद्र्यांचा गळा आवळणारे. ते इतके हावरटासारखे खायचे की घास अडकायचा." फादर असे हसले की त्यांना खरोखरच ठसका लागला आणि काकी पाणी आणायला धावली.

ही सगळी नावं मी एका लाँगबुकमध्ये लिहीत गेले. डाव्या पानावर चित्र, उजवीकडे नाव आणि गोष्ट, इंग्रजीत, कारण तेव्हा मी उत्तरसुद्धा इंग्रजीतच द्यायची. चित्रं मला बरी जमायची. ओरेक्किएत्तेच्या पानावर मी खरेखुरे कान काढले आणि एका कानात आईची मोत्याची कुडी घातली. पप्पा ड्युटीवरून आले की नवं पान बघायचे आणि काही न बोलता वही परत द्यायचे. ती त्यांची शाबासकी होती.

मी दहावीत गेले त्या वर्षी मंदी आली. आम्हा मुलांना तिचा अर्थ कोणी सांगितला नाही. वर्गातली बाकं रिकामी होऊ लागली एवढंच आम्हाला दिसलं. एक मुलगी गुरुवारी 'सी यू' म्हणून गेली आणि रविवारी आलीच नाही. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सोफा, वॉशिंग मशीन, बेबी कॉट विकायच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटू लागल्या. पप्पांच्या रेस्टॉरंटमध्ये दुपारची टेबलं रिकामी जाऊ लागली आणि सगळ्यात आधी एन्झोला घरी पाठवण्यात आलं, कारण त्याचा पगार सगळ्यात मोठा. तो गेला त्या संध्याकाळी पप्पा आमच्या खोलीत पलंगावर युनिफॉर्ममध्येच बराच वेळ बसून होते. "खलास," एवढंच म्हणाले. आईने विचारलं, "तुमचं काय?" तर म्हणाले, "इन्शाल्ला, काही नाही होणार." त्या 'इन्शाल्ला'ने आई जास्तच घाबरली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, आई आणि काकी क्लिनिकमध्ये गेल्या होत्या. काकीला चौथा महिना होता. मी हॉलमध्ये अभ्यास करत होते. काका किचनमधून दोन कप चहा घेऊन आले, एक माझ्यासमोर ठेवला. मला मोठ्या माणसासारखा चहा देणारे घरात ते एकटेच.

"लीना, तुझी ती वही दे ना दोन दिवस."

"कशाला?"

"अगं, शेफ गेला, आता नावं विसरायला होतात. पावलूदादाला विचारलं तर हसेल. म्हणेल, एवढी वर्षं शिकवलं तरी तुझं डोकं रिकामंच." ते हसले. "त्याला सांगू नको हां."

माझ्या वहीवरून कोणी मोठा माणूस शिकणार, या कल्पनेने मी फुलून गेले. धावत जाऊन वही आणली. दोनच दिवसांनी त्यांनी ती परत दिली, नवं प्लास्टिकचं कव्हर घालून. "थँक यू, हबीबी," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. ते कव्हर मला इतकं आवडलं की मी पप्पांना दाखवायच्याच बेतात होते. मग आठवलं की सांगायचं नाहीये.

जानेवारीत नवीन मॅनेजरने दोघांना बोलावून सांगितलं की पास्त्याच्या टेबलाशी आता एकच माणूस राहील. तेही किचनमध्ये नाही, बाहेर, पाहुण्यांसमोर. पास्ता वळायचा आणि बोलायचं, लोकांना मजा आली पाहिजे. एका शुक्रवारी लंचला दोघांनी आळीपाळीने उभं राहायचं, मग ठरवू. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं ते त्या शुक्रवारी संध्याकाळी, पप्पा घरी आले तेव्हा. काका अजून यायचे होते. पप्पांनी बूट काढले, मोजे त्यात खोचले आणि आईला म्हणाले, "बस्त्याव छान बोलला गं. लोक टाळ्या वाजवत होते."

"आणि तुम्ही?"

"मी कान केले. पटापट केले. लोक विचारायचे, मी म्हणायचो, फ्रेश पास्ता सर, व्हेरी फ्रेश." त्यांनी बूट कोपऱ्यात सरकवले. "पण तो हे सगळं शिकला कधी? मी तर त्याला हात शिकवला. गोष्टी त्याला कधी नीट ऐकायच्याच नसायच्या. फुलपाखरं, जिभा, सगळं एकामागून एक, घडाघडा, इंग्रजीत. टोपणाची पण गोष्ट सांगितली. म्हणाला, माय मदर्स थिंबल, माझ्या आजीचं, कडेला चेपलेलं."

"माझं टोपण?" आई म्हणाली. मग हसून म्हणाली, "इथेच तर राहतो, ऐकलं असेल."

मी समोरच बसले होते. गणिताचं पुस्तक उघडं होतं. ते शब्द माझ्या वहीतले होते, जसेच्या तसे. मी उत्तर सोडवत असल्यासारखी पेन्सिल फिरवत राहिले.

पप्पांना फेब्रुवारीत पत्र मिळालं. नोटिसीचा महिना, मग व्हिसा रद्द, मग तीस दिवसांत देश सोडायचा. माझी बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती, ती कशीबशी बसत होती. आणि तोवर आम्ही त्याच फ्लॅटमध्ये, त्याच किचनमध्ये. पप्पा काकांशी पहिल्यासारखेच बोलत. एकदा तर काकांना एक वळण नीट जमत नव्हतं ते पाटाशी बसून शिकवत होते. मी दारात उभी राहून ते बघितलं आणि परत खोलीत आले.

परीक्षेच्या आधी आठवडाभर वर्गातल्या एका मुलीने मला एक कार्ड दाखवलं. तिच्या भावाचा बर्थडे त्या हॉटेलात झाला होता आणि मुलांना रंगवायला असं एकेक कार्ड मिळालं होतं. वर लिहिलं होतं, 'शेफ सेबॅस्टियनच्या पास्ता गोष्टी'. सेबॅस्टियन म्हणजे आमचे बस्त्याव काका. खाली फुलपाखरं, बोरू, जिभा, टोपणं. आणि एका कोपऱ्यात दोन कान, त्यातल्या एकात मोत्याची कुडी. "सो क्यूट, ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कॅन आय कीप इट?"

घरी आले तर काका किचनमध्ये काकीसाठी पेज ढवळत होते. मी कार्ड ओट्यावर ठेवलं. ते बघत राहिले. काकी दारात आली, तिने कार्डाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तिचा चेहरा असा पडला की मला कळलं, तिला माहीत नव्हतं.

"ही माझी वही आहे, काका."

"मी चोरली नाही. मागितली, तू दिलीस." आवाज बारीक होता. "आणि लीना, खरं सांग. तुझा पप्पा बोलला असता? वही त्याच्या हातात असती तरी बोलला असता का लोकांसमोर?"

पप्पा बोलले नसते हे मला माहीत होतं. टीचरसमोर खाली जाणारी ती मान मी पाहिली होती. काकांचं म्हणणं खरं होतं आणि त्यांनी केलं ते विश्वासघाताचं होतं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी कशा धरायच्या हे सोळाव्या वर्षी मला कळलं नाही. आजही फार कळतं असं नाही. माझ्या स्वतःच्या मुलीला मी सांगते की खोटं बोलणारा माणूस ओळखता येतो. ते खरं नाही. वही मागताना काका खोटं बोलले ते मला ओळखता आलं नव्हतं, आणि त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते.

"दादाला सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

मी कार्ड उचललं आणि जीवशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं. सांगायचं तर वही मी दिली हेही सांगावं लागणार होतं. म्हणून मी सांगितलं नाही. परीक्षेचं कारण मी स्वतःलाच दिलं. मग पॅकिंगचं.

एप्रिलमध्ये आम्ही निघालो. काकांनी कोणाची तरी गाडी मागून आणली होती. एअरपोर्टवर त्यांनी बॅगा उतरवल्या, "यल्ला, उशीर होईल," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. पप्पांनी त्यांना मिठी मारली. नुसती नाही, चांगली घट्ट, पाठीवर थोपटत. "बायकोला जप. आणि पीठ घट्ट मळ, तू नेहमी सैल ठेवतोस." काकांनी पप्पांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॉली ढकलत पुढे निघून गेले.

वसईला पप्पा पहिले काही महिने काहीच करत नव्हते. सकाळी वाडीत विहिरीशी जाऊन बसायचे. आईने कपडे शिवायला घेतले. मग एका केटररने त्यांना लग्नात लाइव्ह पास्त्याच्या काउंटरवर उभं केलं. 'रेड सॉस की व्हाइट सॉस' एवढंच विचारायचं, त्याहून जास्त बोलावं लागत नसे. पास्ता पाकिटातला. पप्पा तो परतायचे, प्लेटमध्ये घालायचे, मान खाली. पण काम वाढत गेलं. पुढे ते स्वतःच लहान ऑर्डरी घेऊ लागले आणि हाताखाली माणूस शोधू लागले. घरी मात्र पुन्हा कधी त्यांनी पाट मांडला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ते मला कुठे जमलं? जमलं असतं तर तिथेच असतो ना." हे त्यांनी अगदी साधेपणाने, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

मी बारावीत असताना दुबईचं ते रेस्टॉरंट बंद पडलं. एका रविवारी चर्चच्या मिसाहून आल्यावर पप्पांचा फोन वाजला. ते अंगणात जाऊन बोलले आणि आत येऊन म्हणाले, "बस्त्याव होता. परत आलाय, बायको-पोराला घेऊन. काम आहे का विचारतोय."

आई म्हणाली, "नाही म्हणा." तिला कारण माहीत नव्हतं, पण टोपणाची गोष्ट ती विसरली नव्हती.

"का नाही म्हणू? हात चांगला आहे त्याचा."

मी आत गेले. ते कार्ड अजून जुन्या पुस्तकात होतं. ते आणून पप्पांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीखाली बोट सरकवत सगळं वाचलं. कानांच्या चित्राशी बोट थांबलं.

"ही तुझी चित्रं."

"हो."

"वही चोरली त्याने?"

एका 'हो'चं काम होतं. त्यांनी तो शब्द माझ्या हातात आणून दिला होता. "नाही," मी म्हणाले. "त्यांनी मागितली. मी दिली."

"तुला कधी कळलं कशासाठी ते?"

"तुम्ही त्या शुक्रवारी घरी आलात तेव्हाच."

पप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे एअरपोर्टवर तुला माहीत होतं."

"हो."

"आणि इथे आल्यावर. मी विहिरीवर बसायचो तेव्हा."

मी मान हलवली. आई काहीतरी बोलायला गेली, त्यांनी हाताने थांबवलं.

"मी समजत होतो की माझ्यातच खोट होती," ते म्हणाले. "दोन वर्षं तेच समजत होतो. आणि तू रोज माझ्यासमोर जेवत होतीस." आवाज चढला नव्हता. "बस्त्यावची बायको पोटुशी होती. नोकरी गेली असती तर कुठे गेला असता? त्याला भीती होती. तुला कसली भीती होती, लीना?"

पुष्कळ वर्षं झाली, या प्रश्नाची मी निरनिराळी उत्तरं तयार केली आहेत. लहान होते, परीक्षा होती, तुम्ही मोडून पडाल असं वाटलं. त्या दिवशी त्यातलं एकही सुचलं नाही, आणि बरं झालं, कारण खरं एकच होतं: ते माझ्यावर रागावतील, एवढीच भीती होती.

पप्पा उठले, फोन घेतला आणि माझ्यासमोरच नंबर लावला. "बस्त्याव? बुधवारी ये. सकाळी ये, घरीच." फोन ठेवून ते वाडीत निघून गेले. कार्ड टेबलावर तसंच होतं. आईने ते उचललं आणि कुठे ठेवलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले नाहीत, जेवताना वाटी पुढे सरकवायचे, पण बोलले नाहीत. बुधवारी सकाळी काका आले. कपाळावरचे केस मागे गेले होते, खांद्यावर दीड-दोन वर्षांचं पोर होतं. दारात ते थबकले. आत मी उभी होते. पप्पा खुर्चीवरून उठले, त्यांच्याकडून पोराला घेतलं, बसायला सांगितलं, आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

"लीना, काकाला चहा दे."

मी आत जाऊन चहा ठेवला.